उत्सर्ग आणि चोखामेळा धर्मशाळा

धर्मशाळा म्हणजे यात्रेकरूंना उतरण्यासाठी बांधलेली सार्वजनिक वास्तू, एवढी व्याख्या व्यवहारापुरती पुरेशी असली, तरी धर्मशास्त्रात अशा वास्तूमागे एक सूक्ष्म कल्पना आहे. शास्त्रकारांनी पुण्यकर्माचे ‘इष्ट’ आणि ‘पूर्त’ असे दोन वर्ग मानले. इष्ट म्हणजे यज्ञयागादी वैदिक कर्मे, तर पूर्त म्हणजे विहिरी, तळी, देवालये, अन्नछत्रे यांसारखी लोकोपयोगी कामे, आणि पूर्ताचा अधिकार शूद्रांनाही होता. या दुसऱ्या वर्गातील कर्म ‘उत्सर्गा’ने पुरे होते. दानात वस्तू एका ठरावीक व्यक्तीच्या स्वाधीन केली जाते. उत्सर्गात मात्र कर्ता आपले स्वामित्व सोडून ती सर्वांसाठी मोकळी करतो आणि पुढे तिचा उपयोग त्याने केलाच, तर तो मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकी एक म्हणून करतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या भेदाची चर्चा केली आहे. त्यातून एक प्रश्न अटळपणे उभा राहतो: सर्वांसाठी म्हणून सोडलेली वास्तू काही माणसांना बंद असेल, तर तिचा उत्सर्ग झाला असे म्हणता येईल काय?

पंढरपुरात हा प्रश्न केवळ तर्काचा नव्हता. नामदेवांचे समकालीन संत चोखामेळा मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असताना 1338 मध्ये भिंत कोसळून मृत्यू पावले, आणि त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरास आणून विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे वारकरी परंपरा सांगते. त्यानंतर शतके लोटली, तरी अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वारकऱ्यांना या समाधीच्या पलीकडे पाऊल टाकता येत नव्हते. मंदिरप्रवेशाचा हा निषेध सर्वज्ञात आहे. त्याहून कमी बोलले गेलेले दुःख मुक्कामाचे होते. दर्शन घटकाभराचे असते, पण वारीला आलेल्या कुटुंबाला काही दिवस डोक्यावर छप्पर, चुलीसाठी कोरडी जागा, आजाऱ्याला टेकायला आडोसा आणि प्यायला पाणी लागते. त्यात आषाढी ऐन पावसाळ्यात येते. ज्याला मठात किंवा धर्मशाळेत थारा नाही, त्याच्या भक्तीची किंमत त्याच्या लेकराबाळांनी भिजून मोजायची, अशी ही व्यवस्था होती, आणि ती पुण्यक्षेत्रात पुण्यार्थ बांधलेल्या वास्तूंच्या सावलीत चालत होती.

शासनालाही या विसंगतीची दखल घ्यावी लागली. सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्यासाठी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला आणि 1923 मध्ये संमत झालेला ठराव महाडच्या चवदार तळ्यामुळे आठवला जातो. परंतु सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या पाणवठ्यांबरोबर त्यात धर्मशाळांचाही स्पष्ट उल्लेख होता. ठराव झाला म्हणून दारे उघडली नाहीत, हे 1927 च्या महाडच्या सत्याग्रहाने दाखवून दिले.

या ठरावाच्याही आधी, 1920 च्या आगेमागे, गाडगेमहाराजांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली होती. विदर्भातील शेंडगाव येथे 1876 मध्ये परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर हातात खराटा आणि मातीचे गाडगे घेऊन गावोगाव फिरले, कीर्तनातून लोकांना स्वच्छता, शिक्षण आणि कर्जमुक्ती शिकवत राहिले आणि लोकांनी दिलेल्या पैशातून नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा बांधत गेले. पूर्तकर्माचा यजमान सामान्यतः धनिक असतो. येथे तो निर्धन होता, आणि ज्याच्यापाशी स्वतःचे असे काही नाही, त्याने स्वामित्वत्यागाची जुनी कल्पना इतक्या निष्ठेने पाळावी, याचे महत्त्व अभ्यासकांनी अद्याप पुरेसे ओळखलेले नाही.

या धर्मशाळेवर एक गंभीर आक्षेप संभवतो. बहिष्कृतांसाठी निराळी वास्तू बांधणे म्हणजे त्यांचे निराळेपण मान्य करणेच नव्हे काय, आणि सोय झाल्यामुळे हक्काची मागणी मंदावत नाही काय? हा आक्षेप खोटा नाही. दयेने दिलेला निवारा न्यायाची जागा घेऊ शकत नाही, आणि साने गुरुजींना मे 1947 मध्ये मंदिरप्रवेशासाठी प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, यावरून तो न्याय किती दूर होता हे दिसते. तरीही पावसात उभ्या असलेल्या माणसाला न्याय होईपर्यंत थांबण्यास सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या वास्तू सर्वांच्या म्हणवत होत्या त्या प्रत्यक्षात काहींच्याच होत्या, आणि ही एकाच समाजासाठी असली, तरी ज्यांना कोठेच जागा नव्हती त्यांना सामावून घेऊन तिने ‘सर्व’ या शब्दातील उणीव भरून काढली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मंदिरप्रवेशाच्या मार्गापासून केव्हाच दूर गेले होते. येवल्याची धर्मत्यागाची घोषणा 1935 ची आहे. मात्र अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीचा 1948 मधील आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. पुढच्याच वर्षी, 1949 मध्ये, गाडगेमहाराजांनी पंढरपूरची ही धर्मशाळा आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे, म्हणजे 1945 मध्ये स्थापन झालेल्या शिक्षणसंस्थेकडे, सोपवली. विठ्ठलाच्या यात्रेकरूंसाठी बांधलेली वास्तू वारीशी काही संबंध नसलेल्या संस्थेला देताना त्यांनी शिक्षणाला तीर्थयात्रेच्या बरोबरीचे, किंबहुना तिच्याहून वरचे स्थान दिले. त्या संस्थेच्या संस्थापकांनी हिंदू धर्म सोडण्याचा निश्चय जाहीर करून चौदा वर्षे झाली होती, हे महाराजांना ठाऊक नसणे शक्य नाही. तो निश्चय त्यांनी आड येऊ दिला नाही, आणि उत्सर्गाची कल्पना शेवटपर्यंत नेली तर धर्माची अट घालताही येत नाही; कारण जो स्वामित्व सोडतो, तो घेणाऱ्याचा धर्म ठरवण्याचा हक्कही त्याच क्षणी सोडतो.