मोहलत कोठवर?

सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील जळकोटसारख्या गावाचे पोट शेतीवर चालते आणि रस्त्यावरही. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागू झाली, तेव्हा हा रस्ता निपचित पडला. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली मुले घरी परतली. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे सरकारने पुढे जाहीर केले. खेड्यातल्या घराला हा आकडा किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत दिसला.

त्या रमजानमध्ये ठिकठिकाणी शिधा वाटला गेला. ते पुण्य मोठेच. परंतु महिनोन्‌महिने निमूटपणे उधारी मांडत राहिलेल्या दुकानदाराचे उपकार कोणी मोजले नाहीत. घाऊक व्यापाऱ्याचे देणे त्यालाही चुकले नव्हते.

सूरह अल्-बकराच्या २८० व्या आयतीत अडचणीतील ऋणकोला सुस्थिती येईपर्यंत मोहलत देण्याचा आदेश आहे. कर्ज सोडून दिले तर ते अधिक उत्तम, असेही तेथे सांगितले आहे. रिझर्व्ह बँकेनेही त्या वर्षी ३१ ऑगस्टपर्यंत हप्ते लांबविण्याची मुभा दिली होती, पण व्याज चालूच राहिले. व्याजाच्या निषेधाला लागूनच आलेली कुरआनची मोहलत काळाची किंमत वसूल करीत नाही.

मात्र सुस्थिती आली, हे ठरवायचे कोणी? धनकोला विचारावे तर ती कालच आली. ऋणकोला विचारावे तर ती अजून वाटेतच आहे!

वाचकहो, मंदी ओसरल्यावर हाती आलेला पहिला पैसा आपण कोणाला दिला, हे आठवून पाहा. बहुतेक घरांतून तो गाडीच्या हप्त्याला गेला, कारण वसुलीवाला दारात उभा राहतो. ज्याने तगादा लावला नाही, त्याचा क्रमांक शेवटी लागला. म्हणजे अल्लाहच्या आदेशाप्रमाणे वागलेल्या माणसालाच आपण सर्वांत जास्त ताटकळत ठेवले. ऐपत असताना देणे लांबविणे हा जुलूम होय, असे पैगंबर (स.) यांनी सांगितल्याचे सहीह बुखारीत नमूद आहे. ही ऐपत म्हणजे श्रीमंती नव्हे. लग्नाच्या मांडवाला आणि नव्या मोबाइलला पैसा निघतो, तेव्हा ती आलेली असते. ज्याला खरोखरच जमत नाही, त्याने समोर जाऊन तसे सांगावे, शंभर-दोनशे का होईना देत राहावे. दुकान टाळून मागच्या गल्लीने जाऊ नये.

धनकोलाही एक मोह पडतो. बुडीत उधारी माफ करायची आणि तीच जकात म्हणून धरायची. हनफी मतानुसार हे ग्राह्य नाही. जकात गरजूच्या हाती पडली पाहिजे. मग त्याने स्वखुशीने त्यातून कर्ज फेडले तर हरकत नाही.

दुष्काळ या जिल्ह्याला नवा नाही. १९७२ चा आठवणारी माणसे आजही आहेत. वाईट दिवस पुन्हा येतील, तेव्हा ज्याची उधारी मोहलतीतच बुडाली तो दुकानदार ‘उधार बंद’ची पाटी लावील. त्या पाटीखाली एखादी विधवा रिकामी पिशवी घेऊन उभी असेल, आणि तिने कोणाचेच काही बुडविलेले नसेल.