श्रवण आणि परिग्रह

हेडफोन, इअरफोन आणि त्यांना आवाज पुरवणारी खिशात मावणारी यंत्रे जमवण्याचा छंद धर्मचिंतनापुढे एक जुना प्रश्न नव्याने मांडतो. साधनाची ओढ साध्याच्या आड कधी येते, हा तो प्रश्न. भारतीय परंपरेने श्रवणाला साधनेची पहिली पायरी मानले आणि परिग्रहाला बंधनाचे कारण ठरवले. या छंदात दोन्ही एकाच वस्तूतून घरात येतात. त्यामुळे त्याला सरसकट व्यसन म्हणता येत नाही आणि सरसकट रसिकताही म्हणता येत नाही. अमरावती आणि अकोल्याच्या वऱ्हाडी मुलखात श्रवण आणि अपरिग्रह या दोन्ही गोष्टी शतकानुशतके नुसत्या सांगितल्या गेल्या नाहीत, जगल्या गेल्या. या प्रश्नाचा उलगडा तिथल्या उदाहरणांवरून चांगला होतो.

चालताफिरता एकट्याने संगीत ऐकण्याची सोय फार जुनी नाही. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा ‘वॉकमन’ विक्रीस आला. तोवर संगीत म्हणजे मैफल, भजन, ग्रामोफोन किंवा रेडिओ, आणि रेडिओ लागला की सारे घर ऐकत असे. कॅसेटमागून सीडी आली, २००१ मध्ये आयपॉड आला, पुढे मोबाइलने सगळे पोटात घेतले. छंदाची सुरुवात बहुधा निर्मळ असते. फोनबरोबर मिळालेला इअरफोन बिघडतो, त्याजागी थोडा बरा घेतला जातो आणि पाठ असलेल्या गाण्यात पूर्वी कधी न जाणवलेले काही कानावर येते. तानपुऱ्याची आस वेगळी उमटते, डग्ग्याची घुमक भरीव होते, समेवर येण्याआधी गायकाने घेतलेला श्वास कळतो. सुरेश भट मूळचे अमरावतीचे. त्यांच्या गीतांना हृदयनाथ मंगेशकरांनी दिलेल्या चाली ज्यांनी वर्षानुवर्षे गुणगुणल्या, त्यांनाही चांगल्या हेडफोनवर एखादी हरकत प्रथमच सापडते. हा आनंद खरा आहे आणि त्यात दोष काढण्यासारखे काही नाही.

पुढची पायरी वेगळी असते. कानाच्या नळीत घट्ट बसणारे आयईएम, डिजिटल नोंदीपासून विद्युतसंकेत तयार करणारा डॅक, जास्त ओहमचे हेडफोन चालवणारा अँप, फक्त गाण्यांसाठीचा प्लेअर, निरनिराळ्या केबल, सिलिकॉनच्या आणि फोमच्या टिप्स अशी एकेक वस्तू लागत जाते. अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर रोजच्या वापराचे इअरफोन सहज मिळतात. महागडी जोडी कानाला लावून, पारखून घेण्याची सोय मात्र अशा शहरांत क्वचितच असते. म्हणून वर्णने वाचायची, कुरिअरने मागवायचे, मन भरले नाही की पडत्या किमतीत विकायचे आणि दुसरे मागवायचे, हा क्रम सुरू होतो. गाणे ऐकायची संध्याकाळ वर्णने वाचण्यात जाते. ऐकायला घेतले तरी तीच चारदोन गाणी पुन्हा पुन्हा लावली जातात, कारण यंत्राची परीक्षा त्यांवर चांगली होते.

कानाच्या शक्तीला मर्यादा आहे, ही गोष्ट इथे महत्त्वाची ठरते. तरुण, निरोगी माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि वयानुसार वरची मर्यादा खाली येते. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने साठवलेले असतात. त्यांतून सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी पुन्हा निर्माण होतो, म्हणजे कानाची कक्षा पूर्ण व्यापली जाते. मेयर आणि मोरान या संशोधकांनी २००७ मध्ये सीडीहून उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि त्याचेच सीडीच्या दर्जाला उतरवलेले रूप श्रोत्यांना न सांगता ऐकवले. श्रोत्यांची उत्तरे नाणेफेकीइतकीच बरोबर आली. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनची मोजमापे तपासली आणि किंमत व ध्वनीचा समतोल यांत काही नाते आढळले नाही. शिवाय दोन यंत्रांपैकी ज्याचा आवाज किंचित मोठा असतो तेच सरस वाटते आणि काही दिवसांत कान नव्या आवाजाला सरावून तोच स्वाभाविक मानू लागतो. माफक किमतीत चांगली वस्तू मिळवून थांबता येते, असा याचा अर्थ. तरीही थांबणे होत नाही, याचे कारण कानात सापडत नाही. ते मनात शोधावे लागते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात या कारणाची साखळी दिली आहे. विषयाचे चिंतन करता करता संग जडतो, संगातून काम उपजतो, कामातून क्रोध, आणि पुढे संमोह व स्मृतिभ्रंश होत बुद्धी नष्ट होते. या साखळीचा आरंभ उपभोगात नाही, चिंतनात आहे. हेडफोनच्या छंदातही ओढ वाढते ती ऐकताना नव्हे, वस्तूचा विचार करताना. पार्सल वाटेत असते तेव्हा ओढ शिगेला असते आणि ते हाती आले की ओसरू लागते. पतंजलींनी सुखाच्या आठवणीमागे धावणाऱ्या वृत्तीला राग म्हटले आणि त्याला क्लेशांत गणले. मेंदूविज्ञानातही केंट बेरिज यांच्या संशोधनाने हवेसे वाटणे आणि आवडणे या दोन वेगळ्या क्रिया असल्याचे दाखवले आहे. एखादी गोष्ट पूर्वीइतकी आवडत नसतानाही तिची हाव वाढत जाऊ शकते.

श्रवणाचा विचार उपनिषदांनी याच संदर्भात केला आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन हा क्रम सांगतात. पण तो संवाद सुरू होतो संपत्तीच्या वाटणीपासून. धनाने भरलेली सारी पृथ्वी मिळाली तर अमरत्व मिळेल काय, असे मैत्रेयी विचारते. मिळणार नाही, हे उत्तर ऐकल्यावर ती धनाची वाट सोडते आणि मगच ज्ञान मागते. श्रवणाचा उपदेश तिच्यापर्यंत पोहोचतो तो या निवडीनंतर. नवविधा भक्तीतही श्रवण पहिले आहे आणि समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभ त्याच भक्तीने केला. या परंपरेत श्रवण म्हणजे ऐकलेले चित्तात उतरणे.

केवळ संगीतापुरता विचार केला तर अभिनवगुप्तांचे विवेचन अधिक जवळचे आहे. नाट्यशास्त्रावरील टीकेत त्यांनी रसास्वादाची सात विघ्ने सांगितली. प्रतीतीची साधने अपुरी असणे हे त्यांपैकी एक आणि प्रतीती स्पष्ट नसणे हे दुसरे. खरखरणारा, बसका इअरफोन ही दोन्ही विघ्ने निर्माण करतो, त्यामुळे चांगले साधन घेण्याला शास्त्राचाच आधार मिळतो. पण त्याच यादीत अप्रधानता नावाचे विघ्न आहे. मुख्य गोष्ट मागे पडून गौण गोष्ट तिच्या जागी येते, तेव्हा रस लाभत नाही. किशोरी आमोणकरांचा भूप लागला असताना ध्यान रागाच्या विस्ताराऐवजी डॅकच्या करामतीवर असेल, तर नेमके हेच घडते. साधन विघ्न दूर करते तोवर ते साधन असते. विघ्न दूर झाल्यावरही साधने वाढत राहिली, तर ती स्वतःच विघ्न होतात. या छंदाच्या परीक्षेची कसोटी हीच आहे.

परिग्रहाची व्याख्या जैन दर्शनाने सर्वांत नेमकी केली. तत्त्वार्थसूत्राच्या मते वस्तू जवळ असणे हा परिग्रह नव्हे, तिच्याविषयीची मूर्च्छा, म्हणजे भान हरपणारी आसक्ती, हाच परिग्रह. या विचाराचे वऱ्हाडाशी नाते निकटचे आहे. १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेल्या कारंज्याच्या जैन मंदिरांनी शेकडो हस्तलिखिते जपली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी त्यांतील ग्रंथ संपादित केले आणि षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेचे प्रकाशन १९३९ मध्ये अमरावतीतूनच सुरू केले. मुनीने सर्वस्व सोडावे असे सांगणारे हे दर्शन गृहस्थाकडून तेवढी अपेक्षा करत नाही. त्याच्यासाठी परिग्रहपरिमाण नावाचे अणुव्रत आहे. किती ठेवायचे याची मर्यादा त्याने स्वतःच, इच्छा जागी होण्यापूर्वी ठरवायची आणि ती पाळायची. या छंदाला याहून व्यवहार्य उपाय सांगता येणार नाही. इच्छा जागी झाल्यावर आखलेली मर्यादा इच्छेच्याच सोयीने आखली जाते.

वऱ्हाडच्या संतपरंपरेत श्रवणाची आणखी रूपे दिसतात. तेराव्या शतकात रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी नागदेवाचार्यांकडून आणि इतर अनुयायांकडून ऐकून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ ऐकणाऱ्यांच्या सावध कानांतून जन्मला. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज १८८१ मध्ये जन्मले आणि तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. इतरांकडून ग्रंथ वाचून घेत त्यांनी वेदान्त, भक्ती आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानही आत्मसात केले. १९१५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवेपर्यंत त्यांच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ झाले होते. ऐकलेले टिकून राहावे यासाठी चित्ताची तयारी लागते, हे त्यांच्या जीवनावरून स्पष्ट होते.

गाडगे महाराजांची साक्ष सर्वांत थेट आहे. १८७६ मध्ये शेंडगाव येथे जन्मलेल्या बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या आणि स्वतःसाठी गाडगे, काठी व चिंध्यांचा पेहराव एवढेच ठेवले. १९५६ मध्ये, देहान्तापूर्वी काही आठवडे, वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळते. त्यातला आवाज आजच्या कसोटीवर स्वच्छ नाही. तरी श्रोत्यांना प्रश्न विचारणारी, त्यांच्याकडून उत्तर वदवून घेणारी ती वाणी साध्या इअरफोनवरही ऐकणाऱ्याला जागे करते. यंत्राच्या गुणवत्तेपलीकडे बोलणाऱ्याचे सत्त्व आणि ऐकणाऱ्याची उत्कटता असते, हे त्या ध्वनिमुद्रणातून कळते.

एकांताचा प्रश्नही सोडवावा लागतो. रात्रीच्या अमरावती एक्सप्रेसमध्ये कानात इअरफोन घालून ऐकणारा प्रवासी इतरांची झोप राखतो आणि लहान घरात हेडफोनमुळे दुसऱ्याच्या अभ्यासाला धक्का लागत नाही. एकट्याने ऐकण्यात चिंतनाला जागा मिळते, हेही खरे. पण सगळेच श्रवण एकट्याचे झाले तर त्यातली माणसे हरवतात. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि खंजिरीच्या ठेक्यावरचे भजन व सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. खंजिरीला मोल थोडे लागते, पण तिच्या भोवती गाव बसते. महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंजात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो लोक एकाच वेळी स्तब्ध होऊन मौन श्रद्धांजली वाहतात. मौनही एकत्र ऐकता येते, ते असे.

कान हेही शरीराचे दान आहे आणि त्याची राखण धर्मातच मोडते. ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. अंतःकर्णातल्या रोमपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत.

या साऱ्याचा निष्कर्ष असा की हेडफोनचा छंद दोषास्पद नाही, त्यातली मूर्च्छा दोषास्पद आहे. साधनाने गाणे स्पष्ट केले, ऐकणाऱ्याला कलाकाराच्या आणि स्वतःच्या अंतरंगाजवळ नेले, तर त्याचे काम झाले. ज्याला हा छंद जडला आहे त्याने वस्तूंची संख्या आणि खर्च यांची मर्यादा आजच ठरवावी, हातातल्या जोडीवर पूर्ण राग एकदा तरी अखंड ऐकावा, आणि अधूनमधून ती बाजूला ठेवून गावातल्या भजनात किंवा मैफलीत जाऊन बसावे.