बाहेरची थंडी, बाहेरची बिडी



दुःखावर आपण रीमच्या रीम कागद काळे केले. करायलाच पाहिजे होते. पण सुखाचं काय? गरिबाच्या वाट्याला जे बारकंसं सुख येतं, त्याचा हिशेब कोण मांडणार? आपण नाही मांडला तर दुसरे मांडतात. डॉक्टर मांडतो, मालक मांडतो, समाजसुधारणेचा छंद असलेला पांढरपेशा मांडतो. म्हणून आज एका साध्या गोष्टीवर लिहितो. कडाक्याच्या थंडीत, उघड्यावर, धूर ओढण्यात जे सुख आहे ते नेमकं काय आहे आणि कोणाचं आहे?

आधी चिरूट ओढणारा घ्या. तो सांगतो की हिवाळ्याच्या रात्री बंगल्याबाहेर खुर्ची टाकावी, अंगावर शाल घ्यावी आणि आपल्या आवडीचा चिरूट पेटवावा, यासारखी मजा नाही. तो खोटं बोलत नाही. श्वासाची वाफ आणि धूर एकमेकांत मिसळतात, वाफ कुठं संपली आणि धूर कुठं सुरू झाला कळत नाही. बोटं गार आणि टोकाला निखारा. चिरूट घाईनं ओढता येत नाही. मोठा असला तर तासभर चालतो. कोरड्या हवेत त्याचं वरचं पान तडकतं, म्हणून तो पेटीत ओलावा राखून ठेवावा लागतो. सवड, पेटी, शाल, खुर्ची एवढं सगळं जमलं की ते सुख उभं राहतं. पण त्या सुखातली मुख्य वस्तू तंबाखू नाही. मुख्य वस्तू आहे पाठीमागचं दार. गारठलं की त्याला आत जाता येतं. थंडी त्यानं स्वतः निवडलेली आहे, म्हणून ती गोड लागते.

आता बुटीबोरीला या. नागपूरच्या दक्षिणेला पंचवीस-तीस किलोमीटरवर, जिथं एक रस्ता वर्ध्याकडे फुटतो आणि दुसरा हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, तिथली ही औद्योगिक वसाहत. धागा, लोखंड, टायर, काय नाही बनत इथं! २०१८ साली बुटीबोरीला नगर परिषद झाली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला. उन्हाळ्यासाठी बदनाम असलेल्या आमच्या मुलखाची थंडी कोणी मोजत नाही. पण इथलं माळरान रात्री दोन वाजता कसं असतं ते गेटवरच्या चौकीदाराला विचारा. पत्र्याची चौकी, तिला दार नाही. समोर पऱ्हाट्यांची आणि मोडक्या खोक्यांची शेकोटी. कानाला मफलर, पायात कॅनव्हासचे जोडे, दोन बोटांत बिडी.

"काका, थंडी नाही वाजत?"

"वाजते ना बाप्पा. पण बिडी हाय म्हनून रात जाते."

या वाक्यापाशी थांबलं पाहिजे. बिडी हाय म्हनून रात जाते. रात्र गेली पाहिजे ही गरज कोणाची? काकांची तर आहेच. पण काकांपेक्षा जास्त ती चौकीला दार न लावणाऱ्याची आहे. दाराला पैसे पडतात. बिडी काका स्वतःच्या पैशानं आणतात. म्हणजे मालकानं द्यायची ती ऊब कामगार पदरच्या पैशानं विकत घेतो आणि वर तिला आपलं सुख म्हणतो. मला या सुखाची भीती वाटते ती इथं.

ती ऊब तरी खरी आहे का? तंबाखूतल्या निकोटिननं कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. थंडीनंही त्याच आकसतात. म्हणजे बिडी बोटं गरम करत नाही, आणखी गार करते. गरम वाटतं ते निखाऱ्यानं आणि मनानं. दुसरं असं, की तेंदूचं पान सिगारेटच्या कागदासारखं हवा आत घेत नाही. बिडी मधेच विझते. ती जिवंत ठेवायला पुन्हा पुन्हा, जोर लावून ओढावं लागतं. म्हणून एवढीशी बिडी छातीत सिगारेटपेक्षा कमी विष सोडत नाही, जास्तच सोडते. चिरूटवाला बहुधा धूर तोंडात घोळवून सोडून देतो. त्यालाही तोंडाचा, घशाचा कर्करोग चुकत नाही. पण आमचा माणूस धूर पार छातीच्या तळाला नेतो. धुरातही ज्याला-त्याला आपापल्या जागेप्रमाणेच मिळतं!

इथं पांढरपेशा लगेच उभा राहतो. म्हणतो, मग सोडा ना बिडी! मजुरी धुरात कशाला घालवता? त्याला माझं उत्तर आहे, की तुझा सल्ला बरोबर असेल, पण तुझी सल्ला द्यायची जागा बरोबर नाही. तू आतून बोलतोस. काचेआडून बोलतोस. आधी काकांना आत घे, गरम चहा दे, दार लाव, आणि मग बिडीचं बोल. उघड्यावर ठेवलेल्या माणसाच्या हातातून एवढीशी आग हिसकावणं म्हणजे नीती नव्हे. तो माज आहे.

पण म्हणून बिडीची आरती ओवाळायची का? आपल्यातले काही लेखक ओवाळतात. बिडी म्हणजे आपली मस्ती, आपलं बंड, आपली ओळख! मला हे पटत नाही. जी वस्तू आपल्याला रात्रभर बाहेर उभं राहण्याची सवय लावते ती बंड कशी?

बाहेर हा शब्द आपल्याला नवा नाही. घर गावकुसाबाहेर, पाणी दुसऱ्याच्या दयेवर, उभं राहायचं ते उंबऱ्याबाहेर. गावची रात्रीची राखण पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच लोकांनी केली. आपल्या भागात कोतवाल बहुतेक महारच. गाव गोधडीत आणि कोतवाल चावडीपुढं. त्यालाही चिलमीचं एखादं सुख होतंच. पण चिलमीला विस्तव लागतो. तो मागावा लागे. विस्तव हातात कोणी देत नसे, वरून टाकत. आगीला विटाळ होत नाही म्हणणारे लोकही आग हातातून हातात देत नव्हते. पाटलानं वरून फेकलेली बिडी ज्यांनी झेलली ते म्हातारे आपल्या वस्तीत होते.

आज बुटीबोरीच्या गेटवर एकाच्या बिडीवर दुसरा आपली बिडी पेटवतो. माचिस या हातातून त्या हातात जाते. बिहारचा, छत्तीसगडचा, आमचा, कुणब्याचा, तेल्याचा, सगळे एकाच शेकोटीला. हे खोटं नाही, आणि लहानही नाही. ज्यांच्या आजोबानं विस्तव झेलला त्यांनी हे कमी लेखू नये. पण त्याला समताही समजू नये. सकाळी सहाला शेकोटी विझते आणि जो तो आपापल्या मोहल्ल्यात जातो. भाड्याची खोली घ्यायला गेलं की आडनाव विचारतात. रात्री दोनला जात नसते, सकाळी आठला असते. धुरातली समता खोलीच्या दारापाशी थांबते. दार पुन्हा आलंच!

आणखी एक पाहा. पाळीवर मधेच बाहेर पडायला 'बिडी मारून येतो' हे कारण चालतं. 'जरा मोकळ्या हवेत उभा राहतो' हे चालत नाही. म्हणजे पाच मिनिटांची सुट्टी पाहिजे तर व्यसन पाहिजे. जो बिडी ओढत नाही त्याला ती नाही. ठेक्यावरच्या बायांना तर नाहीच नाही. २००३ च्या कायद्यानं आणि २००८ च्या नियमांनी कामाच्या बंद जागेत धूम्रपान बंद केलं, ते योग्यच झालं. पण १९४८ च्या कारखाना कायद्यानंही काही सांगितलं होतं. सलग पाच तासांच्या वर काम नको, मधे अर्धा तास विश्रांती. दीडशेवर कामगार असले तर विश्रांतीची खोली, अडीचशेवर असले तर कँटीन. बिडी विझवण्याचा नियम गेटवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. विश्रांतीच्या खोलीचा नियम किती गेटवर लिहिलेला दिसतो? आणि ठेकेदाराच्या चौकीदाराला तर खोली असली तरी ती आपली वाटत नाही.

आता बिडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. ती येते कुठून? गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या जंगलात एप्रिल-मेच्या उन्हात तेंदूपत्ता तोडतात. मग कुठल्या तरी वस्तीत एखादी बाई मांडीवर सूप घेऊन बसते. पान कापते, जर्दा भरते, वळते, दोरा बांधते. हजारावर मजुरी. मोजणीच्या वेळी खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत. पाठ वाकलेली, जर्द्याची धूळ नाकात, पोर बाजूला. काकांच्या रात्रीच्या सुखात या बाईचा दिवस वळलेला असतो. तमिळमध्ये गुंडाळलेल्या वस्तूला जो शब्द आहे त्यातून चिरूट हा शब्द आला. चिरूटही कोणीतरी वळतोच. कायद्यानं तर दोघांना एका ओळीत बसवलं. १९६६ च्या कायद्याचं नावच 'बिडी व सिगार कामगार'. ओढणारे कधी एका ओळीत बसले नाहीत, वळणारे बसले.

क्युबात हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ सालापासून एक पद्धत सुरू झाली. हात कामात, कान मोकळे. म्हणून कामगारांनी आपल्या पदरचे पैसे देऊन एक वाचणारा ठेवला. तो वर्तमानपत्रं वाचे, पुस्तकं वाचे. राज्यकर्त्यांनी लवकरच त्यावर बंदी घातली. ते कशाला घाबरले ते कळायला फार अक्कल लागत नाही.

आपल्याला तर हवानापर्यंत जायचीही गरज नाही. कामठी जवळच आहे. बाबू हरदास एल. एन. यांनी तिथं बिडी मजुरांची संघटना बांधली. 'जय भीम' हा शब्द आपल्या तोंडी आला तो त्यांच्यामुळं. १९३७ साली नागपूर-कामठीतून ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले. १२ जानेवारी १९३९ ला, ऐन थंडीत, क्षयानं गेले. वय पस्तीस. कन्हानच्या काठी त्यांची समाधी आहे. बिडी चांगली की वाईट या वादात बसण्याआधी त्यांनी बिडी वळणाऱ्याची मजुरी हा प्रश्न केला. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी माणूस, मग त्याचं व्यसन.

काहीजण म्हणतील, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात दारू आहे, बिडी नाही. म्हणजे बिडी चालते! असला वकिली युक्तिवाद आपण करू नये. नाव घेऊन मना केलं नाही याचा अर्थ विचार आपल्यावर सोपवला. विचार करणाऱ्याला आधी निवड पाहिजे आणि निवडीला दार पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सुख वाईट नाही. गरिबाचं सुख तर मुळीच वाईट नाही. पण जे सुख निवडता येत नाही आणि सोडताही येत नाही, त्याला सुख म्हणू नका, ती चाकरी आहे. बुटीबोरीच्या गेटवर आधी दार बसवा, ऊब द्या, विश्रांतीची खोली उघडा, न ओढणाऱ्याला आणि बायांनाही पाच मिनिटं द्या. वळणाऱ्या बाईला पूर्ण हजाराचे पैसे द्या. एवढं झाल्यावर काका थंडीत बाहेर येऊन बिडी पेटवतील, की 'नको बाप्पा' म्हणून आत निजतील, ते त्यांचं ते ठरवतील. त्या दिवशी मी त्यांना डॉक्टरचं म्हणणं जरूर सांगीन.

त्याआधी सांगायचं असेल तर ते मालकाला सांगितलं पाहिजे.