चार दिवसांचा राजा



येत्या बुधवारी कपाळावर राख घेऊन आपण उपवासकाळात प्रवेश करणार आहोत. त्याआधीचे हे चार दिवस, शनिवार ते मंगळवार, गोव्यात कार्निव्हलचे असतात. पणजीच्या रस्त्यावरून चित्ररथ निघतात आणि रथावर मुकुट घातलेला हसरा राजा मोमो बसलेला असतो. चार दिवस राज्य माझे, तेव्हा खा, प्या आणि मजा करा, असा हुकूम तो सोडतो. टीव्हीवर हे पाहून आपल्यातील काही तरुण आम्हाला विचारतात, "हा ख्रिस्ती सण आहे ना? मग आपल्या दारव्ह्यात का नाही?" प्रश्न चांगला आहे आणि नुसते हो किंवा नाही म्हणून तो सुटत नाही.

मोमो हे नाव ग्रीकांच्या थट्टेच्या देवाचे, मोमसचे. कार्निव्हल पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला, त्यांच्या राजवटीच्या शेवटी शेवटी ओसरला आणि गोवामुक्तीनंतर १९६५ साली तिमोतिओ फर्नांडिस यांच्या पुढाकाराने चित्ररथांच्या मिरवणुकीसह पुन्हा सुरू झाला. आता त्यात पर्यटन आले, जाहिराती आल्या. गोव्याच्या ख्रिस्तसभेने या व्यापारी रूपाबद्दल वेळोवेळी नापसंती व्यक्त केली आहे. परंतु मोमो हा एकटा नाही. त्याच्यामागे अशा राजांची मोठी रांग आहे.

प्राचीन रोममध्ये १७ डिसेंबरपासून सॅटर्नेलिया नावाचा उत्सव चाले. त्या दिवसांत मालक आणि गुलाम एका पंक्तीला बसत, आणि सोंगट्या टाकून खेळातला एक राजा निवडला जाई. तो सांगेल ते करायचे. इ. स. ५४ मध्ये ही सोंगटी कोणाच्या नावाने पडली? तरुण सम्राट नीरोच्या! त्याने इतरांना हलकेफुलके हुकूम सोडले, पण आपला सावत्र भाऊ ब्रिटानिकस याला भर मेजवानीत उभे करून गायला लावले, हेतू हा की त्याचे हसे व्हावे. म्हणजे दुबळ्याला मान देण्याचा खेळसुद्धा बलवंताच्या हाती गेला की काय होते, ते पाहा.

पुढे इंग्लंडमध्ये राजवाड्यात आणि मोठ्या घरांत नाताळाच्या काळासाठी असाच एक गोंधळाचा सरदार नेमला जाई. नाच, सोंगे, खेळ हे सारे त्याच्या हुकुमाने चाले. राजा सहाव्या एडवर्डच्या दरबारात १५५१ च्या नाताळात जॉर्ज फेरर्स या गृहस्थाने हे काम केले होते.

आम्हाला मात्र सर्वांत भावते ती कॅथेड्रलमधली प्रथा. संत निकोलसच्या सणाला, म्हणजे ६ डिसेंबरला, गायकवृंदातील एका मुलाला बिशप म्हणून निवडत. त्याला लहान मापाची वस्त्रे, टोपी आणि दंड देत. निष्पाप बालकांच्या सणाला, २८ डिसेंबरला, त्याचा कारभार संपे. या काळातील सायंप्रार्थनेत पवित्र मरियेचे गीत गायले जाई. देव बलवंतांना सिंहासनावरून खाली ओढतो आणि दीनांना उंच करतो, असे मरिया जिथे म्हणते (लूक १:५२), त्या ओळीला खरा बिशप आसनावरून खाली उतरे आणि तो पोरगा वर चढून बसे. विचार करा, सारे मंदिर ते बघत असे! १५४१ मध्ये राजा आठव्या हेन्रीने फर्मान काढून ही प्रथा बंद केली. ख्रिस्तसभेनेही अशा खेळांतील थिल्लरपणाला आळा घातला होता. १४३५ च्या बाझेल धर्मपरिषदेने मंदिरातील मूर्खांच्या सणावर बंदी घातली, आणि त्याला कारणही होते. तरी त्या मुलाचे वर चढणे आम्हाला थिल्लर वाटत नाही.

अडचण वेगळीच आहे. २९ डिसेंबरला तो मुलगा पुन्हा खाली असे.

आपल्याकडे पोळा असतो. आदल्या दिवशी हळद-तूप लावून बैलाचा खांदा शेकतात. पोळ्याला त्याची शिंगे रंगवतात, अंगावर झूल घालतात, पुरणपोळीचा घास देतात. त्या दिवशी त्याच्याकडून काम घेत नाहीत. आणि सण सरला की तोच खांदा आणि तेच जू. आपण शेतकरी माणसे, बैलावर आपली माया खोटी नसते. पण माणसांच्या बाबतीतही आपण असाच पोळा करतो का?

आता पिलाताच्या वाड्यातील ते अंगण डोळ्यांसमोर आणा (मत्तय २७:२७-३१). ज्या साम्राज्यात खेळातला राजा दरवर्षी निवडला जाई, त्याच साम्राज्याचे ते शिपाई. त्यांनी येशूला लाल झगा घातला, काट्यांचा मुकुट केला, हातात वेत दिला आणि गुडघे टेकून मुजरा केला. त्यांच्या दृष्टीने हा घटकाभराचा खेळ होता. खेळ संपला तसा झगा त्यांनी काढून घेतला. काट्यांचा मुकुट त्यांनी काढला, असे मात्र मत्तय सांगत नाही. आदल्याच रात्री हा राजा शिष्यांचे पाय धूत होता आणि दुसऱ्या दिवशी त्याने तो हुद्दा परत केला नाही. दीनांबरोबर तो शेवटपर्यंत खालीच राहिला. त्याच्या राज्यात ती तारीख, २९ डिसेंबर, येतच नाही.

म्हणून आमचेच सांगतो. गेल्या नाताळच्या जेवणात पहाटेपासून चुलीजवळ राबलेल्या आया-बहिणी सर्वांच्या शेवटी जेवल्या. कापूस वेचण्याची मजुरी बुडवून आलेली वाडीवरची दोन कुटुंबे दाराशीच उभी होती. आम्ही पाहुण्यांजवळ बसून होतो. आमच्या ते लक्षात आले, तरी आम्ही उठलो नाही. पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीत हेच आम्ही कंबरेला टॉवेल बांधून वाकणार! या उपवासकाळात ही गोष्ट आम्हाला टोचते आहे.

तेव्हा आम्ही असे ठरवले आहे. ईस्टरच्या जेवणात पहिली पंगत स्वयंपाक करणाऱ्यांची आणि लांबून चालत येणाऱ्यांची बसेल. वाढायला आम्ही असू, सोबत पॅरिश कौन्सिलचे सभासद आणि तरुण मंडळी. आणि त्यानंतरच्या प्रत्येक सणाला हाच क्रम राहील. कार्निव्हलबद्दल विचारणाऱ्या तरुणांनी आपली नावे आजच मिस्सानंतर द्यावीत. हसत-खेळत, गाणी म्हणत वाढायला काहीच हरकत नाही.

बुधवारची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून करतात, हे आपणास ठाऊक आहेच. घरात क्रुसामागे खोवून ठेवलेल्या जुन्या झावळ्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत चर्चमध्ये आणून द्याव्यात. शेतमालकाच्या घरातील आणि मजुराच्या घरातील झावळ्या एकाच घमेल्यात जाळू.