पाहण्याचा हिशेब

परदेशी शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याने तेथे काय काय पाहावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी नीतिविचाराच्या कक्षेत येणारा दिसत नाही. तो हौसेचा, सवडीचा आणि फार तर खिशाचा प्रश्न आहे, असे कोणीही म्हणेल. परंतु विद्यार्थ्याच्या बाबतीत सवड आणि खिसा ही दोन्ही बहुधा दुसऱ्याची असतात. वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, बँकेचे कर्ज, एखाद्या न्यासाची शिष्यवृत्ती, अशा कशाच्या तरी बळावर तो तेथे राहत असतो. जे दुसऱ्याच्या विश्वासावर घेतले, त्यातला एक तास किंवा एक पौंड कशावर खर्चावा, हा प्रश्न मग हौसेचा उरत नाही. तो ऋणाचा होतो.

इंग्लंडातील पुष्कळ विद्यापीठांत सत्राच्या मध्यावर एक आठवडा व्याख्याने बंद असतात. त्यास तेथे वाचनसप्ताह म्हणतात. नाव मोठे सोज्ज्वळ आहे. आपल्याकडे नामसप्ताहात नामस्मरण जितके होते तितके वाचन त्या सप्ताहात होते की नाही, हे ज्याचे त्याला ठाऊक. आमच्या एका स्नेह्यांची कन्या लंडनला शिकते. नोव्हेंबरातील तो आठवडा तिने कसा घालविला, याचा लांबलचक वृत्तांत तिनेच आपल्या वडिलांस फोनवर लिहून पाठविला. सोमवारी ब्रिटिश म्युझियम, मंगळवारी ट्रफाल्गार चौकातील नॅशनल गॅलरी आणि रात्री ‘द माउसट्रॅप’, बुधवारी वेस्टमिन्स्टर ॲबे आणि थेम्सच्या काठाने पायी भटकंती, गुरुवारी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला टिपूचा तो गोऱ्या शिपायावर झेपावलेला लाकडी वाघ, आणि संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात खेळ करणाऱ्या एका लहानशा रंगमंदिरात जुने नाटक, शुक्रवारी ग्रिनिच, शनिवारी दुपारी एक व रात्री एक अशी दोन नाटके. रविवारी झोप.

आमचे स्नेही केंद्रीय सेवेतून निवृत्त झालेले. त्यांनी एका ओळीचे उत्तर धाडले, की अगं, नाटके पाहावयास आम्ही कर्ज काढले नव्हते. तिने उलट लिहिले, “बाबा, नापास झाले तर रागवा. पण हे सगळे पुन्हा कधी पाहायला मिळणार?” हा पत्रव्यवहार आम्हांस दाखवून त्यांनी न्याय मागितला. तो तेव्हा आम्ही दिला नाही. ऐन रागाच्या भरात मागितलेला न्याय बहुधा समर्थनाची विनंती असते.

वडिलांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. पौंडाला शंभराहून अधिक रुपये मोजावे लागतात. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेला मनुष्य नाटकाच्या तिकिटाची किंमत मनातल्या मनात रुपयांत करतो, आणि आपल्या घरच्या आठवड्याच्या भाजीशी तिची तुलना करतो. यात कृपणपणा नाही. ज्याने हप्ते फेडावयाचे आहेत, त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी यांत कायमचा संग्रह पाहण्यास पैसा पडत नाही, हेही त्यांना ठाऊक होते. त्यांचा मुख्य राग होता तो नाटकांवर.

आणि तरीही बाप-लेकींच्या या भांडणात आम्हांस जे दिसले ते त्यांच्या मतभेदाहून त्यांचे एकमत होय. आनंद हा हिशेबाबाहेरचा, असे दोघेही मानतात. वडील म्हणतात, तो चोरलेला आहे. कन्या तसे तोंडाने म्हणत नाही. पण तिचा आठवडा पाहा. सात दिवसांत तीन संग्रहालये, एक मठमंदिर, एक नदी, एक वेधशाळेचे गाव आणि चार नाटके! इतक्या घाईने कोण जेवतो? ज्याला पान पुढे ओढून घेतले जाईल अशी धास्ती असते तो. आपण घेतो आहो ते आपल्या हक्काचे नाही, असे आतून वाटले की मनुष्य भराभर घेतो. दूर पाठविलेल्या विद्यार्थ्यांच्या सहलींना जे धापा टाकणारे स्वरूप येते, त्याचे मूळ चैनीत नसून अपराधी भावनेत आहे, असे आमचे मत आहे. “पुन्हा कधी मिळणार” हे समर्थन म्हणूनच तिच्या कृतीहून दुबळे होते. जे पुन्हा मिळणार नाही ते सर्व आजच गिळावे, हा न्याय लावला तर कोणतीच वस्तू धड पाहून होणार नाही.

या संदर्भात एका फार थोर विद्यार्थ्याचा असाच एक आठवडा आठवतो. मोहनदास गांधी १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. खर्च वडील बंधूंच्या डोक्यावर होता आणि त्याची टोचणी त्यांना सतत होती. एकेका पैचा हिशेब ते रोज लिहून ठेवीत. असा हा विद्यार्थी पॅरिसचे महाप्रदर्शन पाहण्यास गेला आणि तेथे सात दिवस राहिला. आत्मचरित्रात त्यांनी साल १८९० दिले आहे. प्रदर्शन भरले होते १८८९ मध्ये, पण तो तपशील सोडून देऊ. शहराचा नकाशा हाती घेऊन बहुतेक हिंडणे त्यांनी पायी केले. आयफेल मनोऱ्यावर ते दोन-तीनदा चढले, आणि इतक्या उंचीवर आपण जेवलो असे म्हणता यावे एवढ्याचसाठी तेथील उपाहारगृहात त्यांनी सात शिलिंग उडविले. उडविले, हाच त्यांच्या सांगण्याचा रोख आहे. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्याची ही चैन आम्हांस मोठी लोभसवाणी वाटते; त्यांच्या चरित्रकारांनी तिच्यावर अधिक लिहावयास हवे होते.

परंतु पुढचे अधिक विचार करण्याजोगे आहे. ज्या प्रदर्शनासाठी ते गेले, त्यातले त्याचा विस्तार आणि वैविध्य यांखेरीज काहीच त्यांना पुढे आठवत नव्हते. आठवणीत राहिली ती पॅरिसमधील जुनी प्रार्थनामंदिरे, त्यांची भव्यता, आतली शांतता, मूर्तीपुढे गुडघे टेकून बसलेली माणसे. अशी मंदिरे उभारणाऱ्यांच्या अंतःकरणात ईश्वरप्रेम असलेच पाहिजे, असे त्यांना वाटले. म्हणजे विद्यार्थी एकच, आठवडा एकच, पैसाही त्याच बंधूंचा. प्रदर्शनात तो फिरला आणि मंदिरात थांबला. बंधूंच्या पैशाचे चीज कोठे झाले, हे सांगावयास नको. मात्र निघताना त्याने यादी केली असती, तर तीत पहिले नाव प्रदर्शनाचेच असते.

आमच्या स्नेह्यांनी बोलताना बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण पुढे केले. बाबासाहेब १९१६ साली लंडनला गेले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. ही पदवी त्यांनी मिळविली. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळी ते बंद होईपर्यंत ते बसत. आमच्या स्नेह्यांच्या कन्येने सोमवारी जी इमारत पाहिली तिच्याच पोटात ते वाचनालय होते. “एकाने तेथे ग्रंथ वाचले, दुसरीने दगड पाहिले,” असे स्नेही म्हणाले. वाक्य धारदार आहे, पण अन्यायाचे आहे. बाबासाहेबांची ती एकाग्रता वंदनीय खरी. तिच्यामागे मुदत, दारिद्र्य आणि एका समाजाची वाट पाहणारी दृष्टी होती. ज्याला सवड नाकारली गेली, त्याच्या नाइलाजाचा नियम करून तो सवड असलेल्यांवर लादणे हा त्याचा गौरव नव्हे. उपाशी माणसाचे उदाहरण देऊन मुलाच्या पुढचे ताट काढून घेण्यासारखेच ते आहे. लंडनमध्ये १९२१-२२ साली बाबासाहेब जेथे राहत, ते किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि आज ते स्मारक झाले आहे. स्थलदर्शनास ज्याला उसंत नव्हती त्याचे घर आज स्थलदर्शनाचा विषय आहे, आणि तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी उधळ्या म्हणणार नाही.

आता नाटकांविषयी. संग्रहालयात पावलांना वेग देता येतो. राफाएलवरून नजर फिरवून अर्ध्या मिनिटात पुढे सरकणारे प्रेक्षक आपण सर्वांनी पाहिले आहेत. नाटकात ती सोय नाही. पडदा वर गेला की दोन-अडीच तास काळोखात, अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून, दुसऱ्याच्या गतीने बसावे लागते. आणि चित्र उद्याही भिंतीवर असते. आजचा प्रयोग उद्या नसतो. ‘द माउसट्रॅप’ १९५२ च्या नोव्हेंबरात सुरू झाले, आणि २०२० च्या साथीत रंगमंदिरे बंद पडली तेवढा काळ सोडला तर ते चालूच आहे. तरी प्रत्येक रात्री खुनी कोण हे बाहेर सांगू नका अशी विनंती प्रेक्षकांस नव्याने करावी लागते, कारण प्रेक्षक नवे असतात. नाटक म्हणून ते सामान्यच आहे, हे आम्ही जाताजाता नमूद करतो. पण ज्या चार खेळांवर वडिलांचा रोष झाला, त्या सबंध धावपळीच्या आठवड्यात तेवढीच ठिकाणे तिला सक्तीने स्थिर बसविणारी होती. चारांऐवजी दोन पाहिली असती तर अधिक बरे झाले असते, एवढेच म्हणता येईल.

दुसरे एक ठिकाण होते, ते तिच्या वृत्तांतात शेवटच्या ओळीत आले होते आणि वडिलांनी ते वाचून सोडून दिले होते. सोमवारी ब्रिटिश म्युझियममध्ये ती मिसर देशाच्या दालनापर्यंत पोहोचलीच नाही. काचेआड मांडलेल्या अमरावतीच्या स्तूपाच्या शिल्पांपुढे तिचा दीड तास गेला. “बाबा, हे तुमच्या विजयवाड्याजवळचे ना?” असे तिने विचारले होते. स्नेह्यांची विजयवाड्यास तीन वर्षे नेमणूक होती. अमरावती तेथून तासाभराच्या वाटेवर. ते एकदाही गेले नव्हते. कामाचा व्याप होता, मार्चअखेर होती, मुलीच्या परीक्षा होत्या. ही कारणे खोटी नव्हेत. कर्तव्यदक्ष माणसाची कारणे कधीच खोटी नसतात.

देशाटनाचे गुण गाणारी आर्या शाळेत आपण सर्वांनी घोकली. तिच्याविरुद्ध कांटचे उदाहरण देता येईल. क्योनिग्सबर्गच्या परिसराबाहेर तो तत्त्वज्ञ कधी गेला नाही आणि चाळीस वर्षे त्याने भूगोल शिकविला. पण कांट आपल्याच गावी राहिला होता. आपण मराठी नोकरदार मंडळी तीन-तीन वर्षांनी गाव बदलतो आणि प्रत्येक गावी आपलेच एक लहानसे गाव वसवितो. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात बसविलेले नाटक, त्याच्या तालमी, त्यावरची भांडणे, यांत आम्हांसही रस आहे आणि ते बंद पडावे असे कोणी म्हणणार नाही. तथापि दिल्लीत, कोलकात्यात वा चेन्नईत बदलीचा काळ पुरा करून परतलेल्यांपैकी कितीजणांनी तेथील भाषेतले एक तरी नाटक शेवटपर्यंत पाहिले? “भाषा कळत नाही” हे उत्तर ठरलेले. आमच्या परिचयाचे एक लेखापरीक्षक कोलकात्यास बदलून गेले, तेव्हा त्यांनी आणि वहिनींनी महिन्यास एक बंगाली नाटक पाहावयाचे ठरविले. पहिल्या तीन नाटकांत कथानकसुद्धा धड कळले नाही, असे ते सांगतात. चौथ्याला एका वाक्यावर सारे प्रेक्षागृह हसले, आणि त्यात आपणही हसलो हे त्यांच्या लक्षात आले ते वहिनींनी वळून पाहिल्यावर.