परवडणारी चूक

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी फळी कापत असताना लाइट गेली. ट्यूब तत्काळ विझली, पण कटरचं पातं तत्काळ थांबत नाही. मोटरचा करंट गेला तरी ते काही सेकंद फिरत राहतं. पात्याचा आवाज पूर्ण उतरेपर्यंत मी अंधारात फळी धरून तसाच उभा राहिलो. बोटं कुठे आहेत हे फक्त अंदाजाने ठाऊक होतं.

त्यानंतर मी वर्कशॉपचे दिवे आणि पंखे मेन लाइनवरून काढून १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतले. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर एलईडी स्ट्रिप चिकटवली, म्हणजे तिची उष्णता पट्टीत उतरते. प्रत्येक टेबलाला जुन्या कॉम्प्युटरमधला एकेक पंखा जाळी लावून बसवला. चार पंखे आणि सगळे दिवे मिळून ४८ वॅट होतात. बॅटरी चार्जरला जोडलेली असते. लाइट गेली की यंत्रं थांबतात, उजेड राहतो. शिवाय जुन्या चोकच्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि ठरावीक वेगाने फिरणारं यंत्र त्यात थांबल्यासारखं दिसू शकतं. बॅटरीवरचा दिवा अशी फसवणूक करत नाही.

मला सगळ्यात जास्त समाधान मात्र दुसऱ्याच गोष्टीचं होतं. या वायरिंगला चुकून हात लागला तरी कुणी मरणार नाही. घामाने ओल्या कातडीचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. तेवढा धरला तर २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलिअँपिअर जातील, हृदयाची लय बिघडवायला पुरेसे. १२ व्होल्टला जातील फक्त १२. कोरड्या हाताला तर बहुधा काही कळणारही नाही.

बारावीनंतरच्या सुट्टीत भाचा मदतीला आला. तिसऱ्या दिवशी त्याने टेबलाखालची उघडी टोकं दोन बोटांत धरून मला दाखवली. "मामा, बघ, काहीच होत नाही!" मी हसलो. मनात थोडा अभिमानही वाटला, कारण चूक माफ करणारी जागा मी बनवली होती.

पंधरा दिवसांनी ड्रिलच्या वायरवरची टेप सुटली होती. स्विच चालूच होता. त्याने एक हात यंत्राच्या लोखंडी अंगावर ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने ती टेप दाबायला गेला. खाडकन आवाज झाला आणि आरसीसीबी पडला. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की लाइन तोडणारं हे छोटं यंत्र मी बोर्डात बसवलं होतं, म्हणून आज हे लिहिताना माझा हात कापत नाही. तो पांढराफटक पडून स्टुलावर बसला. दिवे चालूच होते. थोड्या वेळाने म्हणाला, "मला वाटलं, तीच वायर आहे."

दोन्ही वायरींमधला फरक मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितला होता. रात्री बहिणीला फोन करताना तेच वाक्य माझ्या तोंडी आलं, "मी सांगितलं होतं त्याला." बोलतानाच ते वाक्य मला पोकळ वाटलं. कानांना मी सांगितलं होतं खरं, पण पंधरा दिवस त्याच्या हातांना मी उलटंच शिकवत होतो. उघड्या तारेला हात लावला की काहीच होत नाही, हा धडा त्याने माझ्यासमोर घेतला आणि मी हसलो होतो. हाताला व्होल्टेज कळत नाही, सवय कळते.

मग माझी चूक काय होती? जागा सुरक्षित केली ही? तसं मला वाटत नाही. घाबरून शिकलेला माणूस सावध असतोच असं नाही. अनेकदा तो फक्त चूक लपवायला शिकतो. आणि कुणाला तरी धडा मिळावा म्हणून वायरिंग जीवघेणं ठेवणं हे तर क्रौर्यच. वर्कशॉपमध्ये व्होल्टेज ठरवणारा आणि तारेला हात लागणारा हे बहुधा वेगळे असतात. धोका किती असावा हे मालक ठरवतो, भोगतो मदतनीस. म्हणून चूक जीवावर बेतणार नाही एवढं पाहणं मालकाचंच काम आहे.

माझं उत्तर मला फ्यूजमध्ये सापडलं. १२ व्होल्टही साधेभोळे नसतात. तेच ४८ वॅट २३० व्होल्टला सुमारे ०.२ अँपिअर घेतात, इथे चार घेतात. बॅटरीची दोन टोकं पान्याने जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहतात, तारेचं आवरण पेटू शकतं. म्हणून बॅटरीच्या अगदी जवळ साडेसात अँपिअरचा, गाडीत असतो तसला तपकिरी फ्यूज आहे. चूक झाली की तो जळतो. कुणाला इजा होत नाही, पण अंधार होतो, काम थांबतं आणि दोष शोधावा लागतो.

चुकीची किंमत शून्य ठेवली की शिकणं थांबतं. जीवाइतकी ठेवली तर शिकणाराच उरत नाही. किंमत हवी, पण परवडणारी. घरात, कॉलेजात, पहिल्या नोकरीतही मी हेच दोन टोकांचे प्रकार पाहिले आहेत. कुठे एका चुकीवर माणूस कायमचा ओळखला जातो, तर कुठे काहीही केलं तरी "असू दे" म्हणतात आणि पुढे जग तसं म्हणत नाही तेव्हा त्याला एकटं सोडतात. पहिल्या प्रकाराला आपण शिस्त म्हणतो, दुसऱ्याला प्रेम. फ्यूज दोन्हींत नसतो.

आता आमच्याकडे प्रत्येक टेबलाला वेगळा छोटा फ्यूज आहे. १२ व्होल्टच्या पिना वेगळ्या आकाराच्या आहेत, मेनच्या सॉकेटात जातच नाहीत. निरुपद्रवी असलं तरी एकही टोक उघडं ठेवलेलं नाही. आणि एक नियम आहे. ज्याच्या हातून फ्यूज जळेल, त्याने आधी कारण शोधायचं, मग नवा फ्यूज स्वतः बसवायचा. हा नियम मलाही लागू आहे.

गेल्या महिन्यात भाचा पुन्हा आला होता. दुपारी त्याच्या टेबलावरचा दिवा गेला. मी उठलो नाही. टेबलाखाली वाकून तो मोबाइलच्या उजेडात वायर तपासत होता. वीस मिनिटं लागली. दिवा लागला तेव्हा तो काही बोलला नाही, जळालेला फ्यूज माझ्यासमोर ठेवून परत कामाला लागला.