सत्ती-दुर्रीचा न्याय

एक-दोन रुपयांच्या ऑनलाइन पोकरवरून कोणी ईश्वरी न्यायाची चर्चा काढावी, हे जरा अतिच. पण मी जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर या नादाला लागले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद होईपर्यंत रोज रात्री जेवणानंतर तासभर खेळत होते. त्या तासात जो प्रश्न पडायचा, तो देवळाच्या पायरीवर बसलेल्या माणसालाही पडतो: चुकीचं वागणाऱ्याचं भलं का होतं?

प्रसंग नेहमीचाच. हातात दोन एक्के. अशी जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. मी घसघशीत रेज करते, म्हणजे पैज वाढवते. शहाणी माणसं पानं टाकून बाजूला होतील, अशी अपेक्षा. पण या टेबलावर पानं टाकायला येतो कोण? चौघं कॉल करतात, म्हणजे तेवढीच रक्कम लावून डावात राहतात. त्यातल्या एकाकडे सत्ती-दुर्री, पोकरमधली सगळ्यात टाकाऊ म्हणून प्रसिद्ध असलेली पानं. टेबलावर सगळ्यांसाठीची पाच पानं उघडतात, त्यांत एक सत्ती, एक दुर्री. त्याच्या दोन जोड्या, माझे एक्के वाया. तो जिंकतो आणि वर नाचणाऱ्या माकडाचं चित्र पाठवतो.

गणित मला तोंडपाठ होतं. कुठल्याही एका हाताविरुद्ध दोन एक्के १०० पैकी ८५ वेळा जिंकतात, चार हातांविरुद्ध फक्त ५६ वेळा. म्हणजे कुठल्याही पानांवर खेळणारे चार लूज प्लेअर मिळून मला जवळजवळ निम्म्या वेळा हरवणार, हे ठरलेलंच. उपायही सगळ्यांना ठाऊक असलेलेच: ब्लफ मारायचा नाही, कारण न घाबरणाऱ्याला घाबरवता येत नाही, कमी पण चांगले हात खेळायचे, पानं चांगली असतील तेव्हा भरपूर लावायचं, समोरचा कॉल करतोच. पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, कंपनी कापायची ती रेक वेगळी, आणि इतक्या छोट्या टेबलावर तीच जास्त बोचायची. हे सगळं पाळूनही माकड दिसलं की रक्त तापायचंच.

खरं तर रागवावं असं त्यात काही नाही. त्याने सत्ती-दुर्रीवर कॉल करणं हेच माझं उत्पन्न होतं. प्रत्येक चुकीची शिक्षा जागच्या जागी मिळाली असती तर तो दुसऱ्या दिवशी टेबलावर आलाच नसता, आणि मग मी खेळणार कोणाशी? माझ्यासारख्याच चार तोंड वाकडं करून बसलेल्या मास्तरांशी? अधूनमधून अन्याय होतो म्हणून हा खेळ चालतो. हे बुद्धीला पटतं. मनाला मात्र निकाल आजच्या आज हवा असतो.

माझ्या सासूबाई अशा वेळी ‘मागच्या जन्मीचं’ म्हणून मोकळ्या व्हायच्या. मी त्यांच्याशी वाद घालायचे. आता वाटतं, माझी गणितातली ‘दीर्घ मुदत’ काय वेगळी होती? शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड (पानं बघण्याआधी लावायची सक्तीची रक्कम) कमावणारा खेळाडू म्हणजे उत्तमच. पण शंभर डावांत नव्वदेक ब्लाइंडची वरखाली सहज होते. हिशेब मांडला तर दहा हजार डाव नेकीने खेळूनही असा उत्तम खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता चारात एकाहून जास्त निघते. सासूबाईंनी निकाल पुढच्या जन्मावर टाकला, मी पुढच्या लाख डावांवर. साठी उलटलेल्या बाईने लाख डावांचा वायदा करावा, यात श्रद्धेचा भाग किती आणि गणिताचा किती?

एका बाबतीत तर सासूबाईंचा सिद्धांत माझ्याहून दयाळू होता. कर्मसिद्धांतात पै न् पै फेडली जाते. मी ज्यावर विसंबले तो याकोब बर्नुलीचा सिद्धांत १७१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्यात फेड नाहीच. प्रयोगांची संख्या वाढत गेली की प्रमाण अपेक्षेजवळ येतं, एवढंच तो सांगतो. जुना तोटा कोणी भरून देत नाही, पुढच्या डावांच्या गर्दीत तो नगण्य होतो इतकंच. वर्गात हे मी दरवर्षी सांगत असे. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि नाणं पाचदा काटा पडलं की ‘आता छापा येणार’ म्हणायची.

पोकर शिकवणारे सांगतात, निकालाकडे बघू नका, निर्णय बरोबर घ्या. आपल्याकडचा कोणीही लगेच गीता काढतो. मला ते पटत नाही. निकालाकडे का बघायचं नाही, तर शेवटी नफा व्हावा म्हणून! ही फलाशा सोडणं नव्हे, तिची तारीख पुढे ढकलणं आहे. उलट तो सत्ती-दुर्रीवाला बघा: पुढची पानं बघायची हौस, म्हणून दोन रुपये मोजले. त्याला स्थितप्रज्ञ म्हणणार नाही मी, हरल्यावर त्याने चॅटमध्ये घातलेल्या शिव्या वाचल्या आहेत. पण खेळासाठी खेळ, हे आमच्या दोघांत त्यालाच जास्त जमत होतं.

हरल्यावरच्या रागाच्या बाबतीत महाभारताच्या वनपर्वातल्या नळाइतका उपयोगी माणूस मला भेटलेला नाही. द्यूतात राज्य घालवून तो बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडे नुसतं बघून पानं-फळं किती ते सांगतो. नळ झाड तोडून मोजतो, आकडा बरोबर येतो. ही मोजण्याची विद्या आणि तिच्यासोबतचं अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, मिळाल्याबरोबर नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो. संख्याशास्त्राच्या मास्तरणीने आणखी काय मागावं! नंतर नळ ज्याच्याकडून हरला त्या पुष्कराशी पुन्हा खेळतो, जिंकतो आणि त्याला सांगतो की मला तू हरवलं नव्हतंस, ते कलीचं काम होतं, त्याचा दोष मी तुझ्यावर ठेवत नाही.

मात्र ही क्षमा जिंकल्यानंतरची. नळ हरला तेव्हा पुष्कराने त्याची राणी दमयंती पणाला लावायला सुचवलं होतं. नळाची छाती संतापाने फुटायची वेळ आली, पण तो एक शब्द बोलला नाही. अंगावरचे दागिने उतरवले आणि एका वस्त्रानिशी बाहेर पडला.